ऑटो बायर आणि माझी बसलेली गादी

होस्टेलवर राहायला आलो तेव्हा माझ्या सामानात तीन गोष्टी नव्या कोऱ्या होत्या. बादली, ड्राफ्टर आणि गादी. बादलीची कडी दुसऱ्याच महिन्यात तुटली. ड्राफ्टर एका सिनिअरने एका दिवसासाठी म्हणून नेला तो नेलाच. राहिली गादी. तिची गोष्ट जरा मोठी आहे, आणि त्या गोष्टीत एक जर्मन माणूस आहे.

गादी घ्यायला बाबा सोबत आले होते. दुकानदाराने चार इंची फोमची गादी काढली, आम्ही दोघांनी तळहाताने दाबून पाहिली, मऊ लागली. बत्तीस डेन्सिटी आहे, असं त्याने सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी केमिकलला ॲडमिशन घेतलेला मुलगा, त्यामुळे जाणकारासारखी मान डोलावली. डेन्सिटी बत्तीस म्हणजे कशाची बत्तीस, हे विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. दिवाळीपर्यंत गादीच्या मधोमध खड्डा पडला. रूमपार्टनर तिला बाथटब म्हणू लागला. उताणं झोपलं की माझे गुडघे आणि डोकं वर, बाकीचा मी खाली. घरी फोनवर मात्र गादी झकास आहे असंच सांगत होतो, कारण पैसे बाबांचे होते.

तीन वर्षं त्या खड्ड्यात काढली. मग गेल्या उन्हाळ्यात आईच्या कंबरेचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी तिला झोळ पडलेली बाज सोडून नीट, सपाट गादीवर झोपायला सांगितलं. घरात आता इंजिनीअर आहे म्हटल्यावर गादी निवडायचं काम कुणाकडे आलं असेल, हे तुम्हीच ओळखा. मला घामच फुटला. माझ्या खड्ड्यात मी झोपत होतो ते ठीक, पण आईला त्यात झोपवायचं?

तेव्हा पहिल्यांदा मी माझी गादी मेसच्या धान्याच्या काट्यावर ठेवली. खोळ काढून. मेसचे मामा आणि पोळ्या लाटणाऱ्या मावश्या माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती मी विसरणार नाही. वजन भरलं २.७ किलो. आता हिशोब बघा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, चार इंच जाड, म्हणजे सहा घनफूट, म्हणजेच ०.१७ घनमीटर. भागाकार केला तर एका घनमीटरला साधारण सोळा किलो. बत्तीस डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला बत्तीस किलो. तेवढं असतं तर काट्याने साडेपाच किलोच्या आसपास दाखवायला हवं होतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! आम्ही पैसे गादीचे मोजले होते आणि निम्मी गादी दुकानातच राहिली होती.

चिडून लायब्ररीत गेलो आणि पॉलियुरेथेनवरचं जे पुस्तक हाती लागलं ते उघडलं. पहिल्याच पानावर नाव भेटलं, ऑटो बायर. रूमपार्टनरला वाटलं रिक्षाचा शोध लावणारा कुणीतरी असेल. मला वाटलं ॲस्पिरिनवाल्या बायर कंपनीचा मालक असेल. दोघेही चुकलो. बायर कंपनी १८६३ मध्ये फ्रीडरिश बायर यांनी सुरू केली होती. आपले ऑटो बायर आयुष्यभर त्याच कंपनीच्या परिवारात नोकरी करत राहिले, पण त्या घराण्याशी त्यांचं काही नातं नव्हतं. नुसता आडनावाचा योगायोग. आपल्याकडे पाटील आडनावाच्या माणसाने पाटील ॲन्ड सन्समध्ये नोकरी धरावी, तसं.

ऑटो बायर यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९०२ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात झाला. शिक्षण तिथल्याच विद्यापीठात, विषय रसायनशास्त्र. १९२४ मध्ये, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतबाहेर, ते डॉक्टर झाले. आपण त्या वयात केटी सोडवत असतो, असो. पहिली नोकरी फ्रँकफुर्टजवळच्या कासेला कंपनीत, काम रंगांचं. तेव्हाचा जर्मन रसायन उद्योग म्हणजे मुख्यतः कापड रंगवायचे रंग. १९२५ मध्ये तिथल्या मोठमोठ्या कंपन्या एकत्र होऊन आय. जी. फार्बेन नावाचा अवाढव्य उद्योगसमूह तयार झाला, त्यात बायर कंपनीही विलीन झाली. तिशी ओलांडता ओलांडता ऑटो बायर यांना या समूहाच्या लेव्हरकुसेन इथल्या मुख्य संशोधन प्रयोगशाळेचं प्रमुखपद मिळालं. हाताखाली त्यांच्याहून वयाने मोठे, अनुभवाने मुरलेले रसायनतज्ज्ञ. विषय मात्र रंगांचा राहिला नव्हता. जगाचं लक्ष आता मोठ्या रेणूंकडे लागलं होतं.

१९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन तयार केलं. दोन प्रकारचे छोटे रेणू एकमेकांना जोडत जायचे, प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर टाकायचा आणि लांबच लांब साखळी विणायची, ही त्यामागची रीत. तिचे पेटंट ड्यूपाँटकडे. म्हणजे इतरांनी काय करायचं? बायर यांनी वेगळी वाट शोधली. असे दोन रेणू घ्यायचे की जे जोडले जाताना काहीच बाहेर टाकणार नाहीत, नुसती बेरीज होत जाईल. आयसोसायनेट आणि अल्कोहोल जवळ आले की असं घडतं, हे रसायनशास्त्राला आधीपासून ठाऊक होतं. आयसोसायनेटांचा शोधच मुळी १८४९ चा, फ्रेंच रसायनतज्ज्ञ वुर्ट्झ यांचा. पण ती एका हाताची आयसोसायनेटं. एका हाताने एकालाच धरता येतं, साखळी होत नाही. बायर म्हणाले, दोन हातांची घेऊ. डायआयसोसायनेट. समोर दोन हातांचं अल्कोहोल. मग धरा हात आणि लावा रांग!

आज सेकंड इयरचा विद्यार्थीही हे फळ्यावर काढून दाखवेल. पण तेव्हा त्यांच्याच कंपनीतल्या मंडळींनी ही कल्पना हसण्यावारी नेली. साधी एका हाताची आयसोसायनेटं बनवतानाच नाकी नऊ येतात, त्यात दोन हातांची कोण बनवणार? आणि हा विरोध अगदीच अडाणी नव्हता. आयसोसायनेट बनवायला फॉस्जीन लागतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला हाच तो वायू. शिवाय तयार झालेलं आयसोसायनेट पाण्याच्या वाफेलाही सोडत नाही, लगेच तिच्याशी भांडण काढतं. प्रयोगशाळेत अशा पदार्थाची बाटली सांभाळणं म्हणजे विस्तव पदरात बांधणं.

बायर यांनी तरीही हट्ट सोडला नाही. १३ नोव्हेंबर १९३७ रोजी आय. जी. फार्बेनने या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात बायर यांच्याबरोबर त्यांच्या सहकाऱ्यांचं काम होतं, आणि पहिला चांगला धागा ओढण्याचं श्रेय हाइनरिश रिंके यांच्याकडे जातं. पॉलियुरेथेन जन्माला आलं. गंमत अशी की उद्देश होता नायलॉनला टक्कर देणारा धागा काढण्याचा, आणि त्या बाबतीत ते मागेच राहिलं. पर्लोन यू नावाने तो धागा निघाला, पण मोज्यांचा बाजार नायलॉननेच मारला.

आता येतो आपल्या कामाचा भाग. घट्ट, एकसंध प्लास्टिक ओतायला जावं तर आत बुडबुडे राहत. कारण पुढे कळलं. कच्च्या मालात उरलेलं आम्ल किंवा थोडंसं पाणी आयसोसायनेटला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटायचा. घट्ट होत चाललेल्या मालात तो अडकून पडायचा. बुडबुड्यांनी भरलेला असा एक नमुना तपासणी विभागाकडे गेला, तेव्हा तो नकली स्विस चीज बनवायला फार तर उपयोगी पडेल, अशा अर्थाचा शेरा मारून परत आला, ही कथा या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आहे. आपल्या जर्नलवर लाल शाईने असं काही लिहून आलं की आपण काय करतो? पान फाडतो. बायर आणि मंडळींनी उलटं केलं. नकोसं असलेलं पाणी १९४० च्या सुमारास त्यांनी मोजून, मुद्दाम घालायला सुरुवात केली. दोषाचंच उत्पादन केलं.

आमच्या घरी अनारसे होतात तेव्हा आई पहिला अनारसा झाऱ्यावर उचलून उजेडात धरते. जाळी पडली का, ते बघायला. जाळी पडली नाही तर तो दगड. जास्तच सुटली तर तुपात विरघळून जातो, आमच्याकडे त्याला अनारसा हसला म्हणतात. फोमचं अगदी तेच आहे, आणि मला तर फोमची सगळी थिअरी अनारशावरूनच समजली. फोम होताना दोन क्रिया शर्यत लावतात. एक आयसोसायनेट आणि पॉलिऑलची, तिने माल घट्ट होतो. दुसरी आयसोसायनेट आणि पाण्याची, तिने वायू सुटतो आणि माल फुगतो. वायू पुढे पळाला तर फुगलेला ठोकळा मटकन खाली बसतो. घट्टपणा पुढे पळाला तर बुडबुडे बंदच राहतात आणि थंड झाल्यावर ठोकळा आक्रसतो. दोन्ही बरोबर पोहोचले तर अगदी शेवटच्या क्षणी बुडबुड्यांचे पातळ पडदे फुटतात, नुसत्या काड्यांची जाळी उरते आणि ठोकळा वरून उसासा टाकल्यासारखा वायू सोडतो. या जाळीतूनच गादीला हवा खेळती राहते. ही शर्यत सांभाळायला वेगवेगळी उत्प्रेरकं लागतात, बुडबुडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून सिलिकोनचा एक प्रकारचा साबण लागतो. पण ही अक्कल यायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली.

कारण मधे युद्ध झालं. इथे मला थोडं थांबायचं आहे. विज्ञानावरच्या लेखांत हा भाग बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात. युद्धकाळात पॉलियुरेथेनची लुकणं, चिकटवायचे पदार्थ, विमानांसाठी हलका कडक फोम असं बरंच काही जर्मन सैन्यासाठी वापरलं गेलं. आणि ज्या आय. जी. फार्बेनच्या प्रयोगशाळेत हे सगळं चाललं होतं, त्याच कंपनीने आउशवित्झच्या छळछावणीशेजारी कृत्रिम रबराचा कारखाना उभा करायला घेतला. तिथे छावणीतले कैदी गुलामासारखे राबवले, हजारो त्यात मेले. १९४७-४८ मध्ये न्यूरेंबर्गला कंपनीच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, तेरा जणांना शिक्षा झाली. ऑटो बायर त्या खटल्यातले आरोपी नव्हते. पण शिक्षा झालेल्यांपैकी फ्रिट्झ टेर मेर तुरुंगातून सुटल्यावर १९५६ मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या बायर कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळाचा अध्यक्ष झाला, आणि ऑटो बायर तेव्हा तिथेच संशोधनाची धुरा वाहत होते. मला या माणसाची हुशारी आवडते. पण त्यांचा फोटो भिंतीवर लावावा का, असं कुणी विचारलं तर मी चटकन हो म्हणणार नाही.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश आणि अमेरिकन पथकांनी जर्मन कारखान्यांमधली माहिती गोळा करून नेली आणि पॉलियुरेथेनचं गुपित जगभर पसरलं. बायर यांनी स्वतःही १९४७ मध्ये आपल्या पद्धतीवर सविस्तर लेख छापला. मग १९५० च्या दशकात मऊ फोम आला. आधी पॉलिएस्टर जातीच्या पॉलिऑलपासून, मोल्टोप्रेन या नावाने. १९५४ मध्ये बायर कंपनीने अमेरिकेतल्या मॉन्सँटोबरोबर मोबे ही कंपनी काढली आणि फोम अटलांटिकपार गेला. दशक संपता संपता पॉलिईथर जातीचे पॉलिऑल आले. ते स्वस्त होते, शिवाय दमट हवेला टिकणारे. पॉलिएस्टरचा फोम ओलाव्याने हळूहळू कुजतो. जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच चिकट भुगा होऊन पडतो ना, त्यातला बराचसा हाच प्रकार. आपल्याकडच्या पावसाळ्यात गादी टिकते याचं श्रेय या पॉलिईथरला.

हे सगळं वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला उजेड पडला तो असा की, दुकानात तळहाताने दाबून फोमची प्रत कळत नाही. कारण मऊपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रसायनं बदलून सोळा घनतेचा फोम टणक करता येतो आणि चाळीसचा लोण्यासारखा मऊ. घनता सांगते ती एका घनमीटरमध्ये खरा माल किती आणि हवा किती. माल कमी, तर जाळीच्या काड्या बारीक. रोज रात्री सहा-सात तास साठ-सत्तर किलो वजन, अंगाची ऊब, घामाचा ओलावा. बारीक काड्या वाकतात, मोडतात आणि ज्या जागी कंबर येते तिथेच गादी आधी बसते. माझ्या बाथटबचं पोस्टमॉर्टेम एवढंच.

पण थांबा, नुसत्या वजनावरही जाऊ नका. हे मला लॅबमध्ये कळलं. दोन-तीन दुकानांतून फोमची कात्रणं मागून आणली आणि आमच्या लॅबमधल्या मामांच्या मागे लागलो. एका कात्रणाची घनता बरोबर बत्तीस भरली. मी खूश. मामांनी त्याचा तुकडा क्रुसिबलमध्ये घालून फ्युम हूडखालच्या भट्टीत जाळला (हे रूमवर करू नका, धूर विषारी असतो). चांगल्या फोमची राख जवळपास उरतच नाही. इथे शंभर ग्रॅममागे अठरा ग्रॅम पांढरी राख! तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं तर फसफसून आली. खडूची पूड. फोममध्ये खडू कालवून वजन वाढवलं होतं. दुधात पाणी घालतात तशी ही हवेत घातलेली माती. खडूने वजन वाढतं, ताकद नाही. आणखी एक, फोमचे तुकडे गोंदाने दाबून बनवलेली रिबॉन्डेड गादी असते, तिची घनता ऐंशी-शंभर सांगतात. ती खरीही असते. पण तिची आणि अखंड फोमची घनता एका फूटपट्टीने मोजायची नसते. ती टणक असते, तेवढंच त्या आकड्यावरून घ्यायचं.

सगळ्यात मजा आली ती कॉम्प्रेशन सेटच्या टेस्टमध्ये. फोमचा ५० मिलीमीटर जाड तुकडा दोन प्लेटांमध्ये दाबून निम्मा करायचा, ७० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये २२ तास ठेवायचा, सोडल्यावर अर्ध्या तासाने मोजायचा. जेवढा कायमचा बसला तेवढे त्याचे मार्क कापायचे. माझ्या गादीचा तुकडा ४१ वर येऊन थांबला, म्हणजे १८ टक्के बसला. एका चांगल्या फोमचा तुकडा ४८ पर्यंत परत आला, चारच टक्के. एका दिवसात मला माझी तीन वर्षं दिसली. आपल्या वार्षिक परीक्षेपेक्षा ही परीक्षा प्रामाणिक वाटली मला.

दुसरी टेस्ट गोळीची. १६ मिलीमीटर व्यासाची स्टीलची गोळी अर्ध्या मीटरवरून फोमवर टाकायची आणि किती वर उसळते ते पाहायचं. साधा फोम चाळीस-पन्नास टक्के उसळी देतो, हाय रेझिलिअन्स जातीचा साठच्या आसपास. मेमरी फोमवर मात्र गोळी चिखलात पडल्यासारखी बसून राहते. कारण त्याचा मालच असा बनवलेला असतो की खोलीच्या तापमानाला तो ना धड कडक, ना धड मऊ. अंगाची ऊब लागली की सावकाश सैल होतो, हात काढला की सावकाश भरून येतो. थंडीत तोच टणक लागतो. हा प्रकार बायर यांचा नाही. १९६६ मध्ये नासाच्या एका करारावर काम करताना चार्ल्स योस्ट यांनी विमानांच्या सीटसाठी तो तयार केला. गाद्यांच्या बाजारात तो १९९१ मध्ये स्वीडनमधून उतरला. पण मुळात तोही पॉलियुरेथेनच, त्याच दोन हातांच्या रेणूंची रांग. त्यालाही घनतेचा नियम लागू आहेच. पन्नासच्या खालचा मेमरी फोम मला कुणी फुकट दिला तरी मी दोनदा विचार करीन.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय केमिकलच्या विद्यार्थ्याला पुढे जाता येणार नाही. पाणी आणि आयसोसायनेट भेटले की वायू सुटतो हे वर आलंच, पण उष्णताही सुटते. फोमच्या कारखान्यात ताज्या ठोकळ्याच्या पोटात तापमान दीडशे अंशांच्या आसपास जातं, म्हणून ठोकळे रात्रभर सुटे सुटे ठेवतात, नाहीतर आतून पेट घेतात. आता हीच क्रिया एका बंद टाकीत, न मोजता झाली तर? भोपाळच्या कीटकनाशकाच्या कारखान्यात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेच झालं. टाकीत सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट, एका हाताचं आयसोसायनेट, आणि त्यात पाणी शिरलं. गादीतली आयसोसायनेटं त्यामानाने जड, सहजी न उडणारी, आणि तयार फोममध्ये ती जवळपास उरतही नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण घराणं एकच. गादीला हात लावताना मला आता हे आठवतं. आणि हो, रेक्टर सरांनी कितीही सांगितलं तरी कॉटखाली मच्छर कॉइल लावणाऱ्यांनो, फोम पेटला तर धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड असतो. कॉइल दाराजवळ लावा.

बायर यांना भोपाळ पाहावं लागलं नाही. त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध कंपनीच्या संशोधनाची व्यवस्था लावण्यात घालवला. ॲक्रिलोनायट्राइल बनवण्याच्या पद्धतीवरही त्यांच्या प्रयोगशाळेत महत्त्वाचं काम झालं. १९७५ मध्ये अमेरिकन रबर रसायनतज्ज्ञांनी त्यांना चार्ल्स गुडइयर पदक दिलं. धागा काढायला निघालेला माणूस, त्याला रबरवाल्यांनी पदक द्यावं! १ ऑगस्ट १९८२ रोजी लेव्हरकुसेनजवळच्या बुर्शाइडमध्ये त्यांचं निधन झालं. तोवर त्यांचं पॉलियुरेथेन गाद्यांत, गाड्यांच्या सीटांत, फ्रीजच्या भिंतींत आणि चपलांच्या तळव्यांत जाऊन बसलं होतं.

आईची गादी घ्यायला मी दिवाळीच्या सुटीत गेलो तेव्हा खिशात मेझरिंग टेप आणि हातात मेसच्या मामांकडून आणलेला ताणकाटा होता. दुकानदाराने आधी मेमरी फोमच काढला, नासाची गादी म्हणून. हाताचा ठसा उमटवून दाखवला. बाबा चकित. मी खोळीची चेन उघडायला सांगितली. वर जेमतेम दोन इंच मेमरी फोम, खाली चार इंच माझ्या बाथटबचा सख्खा भाऊ. शिवाय आईला रात्री कुशीवर वळायला त्रास होतो, त्या दलदलीत तिला आणखी जोर लावावा लागला असता. मग साध्या अखंड फोमची पाच इंची घेतली, चाळीस डेन्सिटीची म्हणून सांगितलेली. खोळ काढून काट्याला टांगली. दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली, बाबा रस्त्याकडे बघत उभे राहिले. ८.४ किलो. साडेसात घनफूट म्हणजे ०.२१२ घनमीटर, भागाकार साडेएकोणचाळीस. कात्रण मागून घेतलं, ते सुटीनंतर लॅबमध्ये जाळलं. राख नाही.

पैसे देताना दुकानदाराने मला विचारलं की मी वजनमापे खात्यातून आलोय का.

आई त्या गादीवर झोपते. कंबर आधीपेक्षा बरी आहे, पण ते डॉक्टरांच्या व्यायामाने की गादीने, हे मला सांगता येणार नाही. फोम अंगाला गरम लागतो अशी तिची तक्रार मात्र पहिल्याच रात्री आली, आणि तीही खरीच आहे. म्हणून तिने वर आजीची जुनी गोधडी अंथरली आहे. साडेएकोणचाळीसच्या हिशोबात ती धरलेली नाही.